अर्धा गोल, पुरा गोल

भारतीय प्रजासत्ताकाचे पहिले संचलन राजपथावर झाले नाही. २६ जानेवारी १९५० रोजी दुपारी अडीचच्या सुमारास राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद घोड्यांच्या बग्गीतून निघाले आणि कॅनॉट प्लेसला वळसा घालून पावणेचारच्या सुमारास इंडिया गेटच्या पलीकडल्या एका क्रीडांगणावर पोचले. तिथे सुमारे पंधरा हजार माणसे वाट पाहत होती. इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो प्रमुख पाहुणे होते. मैदानाला तेव्हा आजच्यासारखी उंच भिंत नव्हती, त्यामुळे सैन्याच्या तुकड्या समोरून जात असताना त्यांच्या मागे पुराना किल्ल्याचे तट दिसत होते. त्या जागेचे नाव होते आयर्विन ॲम्फीथिएटर.

आयर्विन म्हणजे सांगलीच्या कृष्णेवरील पुलाला ज्याचे नाव आहे तोच व्हाइसरॉय. हे क्रीडांगण १९३३ साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभे राहिले. त्याचा आराखडा रॉबर्ट टॉर रसेल यांचा होता. कॅनॉट प्लेसची वर्तुळेही याच रसेलनी आखली, तीही त्याच सुमारास पुरी झाली. क्रीडांगणाचे उद्घाटन लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते झाले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी-मार्च १९३४ मध्ये, इथे पश्चिम आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. भारत, अफगाणिस्तान, सिलोन आणि पॅलेस्टाईन हे चार संघ त्यांत होते. १९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धांच्या वेळी जागेचे नाव नॅशनल स्टेडियम झाले, आणि २००२ साली त्याला मेजर ध्यानचंद यांचे नाव जोडले गेले.

आज दिल्लीत किंवा गुरुग्राममध्ये कोणी ‘ॲम्फीथिएटरमध्ये भेटू’ म्हणाले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हॉकीचे मैदान येत नाही. येतात त्या उतरत्या दगडी पायऱ्या, अर्धगोलात मांडलेल्या, खाली लहानसा रंगमंच आणि वर मोकळे आकाश. मग १९३३ साली एका क्रीडांगणाला हे नाव कसे दिले गेले? नाव देणाऱ्यांनी चूक केली नव्हती. उलट शब्दाचा जुना, मूळ अर्थ त्यांनीच धरला होता. आज आपण ज्याला ॲम्फीथिएटर म्हणतो ते ग्रीक-रोमन माणसाच्या लेखी नुसते ‘थिएटर’ ठरले असते.

शब्द दोन ग्रीक तुकड्यांचा आहे. ‘थिएट्रॉन’ म्हणजे पाहण्याची जागा. आपले ‘प्रेक्षागृह’ अगदी याच विचारातून आले आहे. ‘ॲम्फी’ म्हणजे दोन्ही बाजूंनी, सभोवार. पाहणारे सगळीकडून वेढून बसले आहेत आणि पाहण्याची गोष्ट मधोमध आहे, अशी जागा म्हणजे ॲम्फीथिएटर. ग्रीकांचे नाटक डोंगरउतारावर खोदलेल्या, अर्ध्याहून थोड्या जास्त गोलात होई. तशी जागा ते थिएटरच म्हणत. चारी बाजूंनी बंद असलेला लंबगोल ही रोमनांची देणगी.

हे दोन आकार एकमेकांतून कसे निघाले याची एक विलक्षण हकिगत थोरल्या प्लिनीने नोंदवून ठेवली आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या मध्यास क्युरिओ नावाच्या रोमन पुढाऱ्याने वडिलांच्या उत्तरक्रियेच्या निमित्ताने लाकडाची दोन मोठी अर्धगोल नाट्यगृहे बांधली. दोन्ही फिरत्या खुंटांवर तोललेली होती. सकाळी ती एकमेकांकडे पाठ करून उभी असत आणि दोन्हींत वेगवेगळी नाटके चालत. पाठ अशासाठी की एकीकडचे संवाद दुसरीकडे जाऊ नयेत. दुपारी दोन्ही अर्धगोल फिरवून तोंडाला तोंड जुळवायचे, मधला रंगमंच काढायचा, की पुरा गोल तयार. मग त्यात तलवारबाजांची झुंज. प्लिनी सांगतो की काही लोक तर फिरत्या नाट्यगृहात बसूनच राहत. इतका अस्थिर सांगाडा आणि त्यावर निर्धास्त बसलेली रोमन जनता, याचा त्याला राग येतो. जग जिंकणारे लोक दोन खुंटांवर लटकले होते, असा त्याचा सूर आहे.

हकिगतीतला कारागिरीचा भाग बाजूला ठेवला तरी तिच्यात या सगळ्या विषयाची किल्ली आहे. सकाळी नाटक, म्हणून अर्धा गोल. दुपारी झुंज, म्हणून पुरा गोल. नट बोलतो तेव्हा आवाज त्याच्या तोंडासमोर जातो. त्याच्या पाठीमागे बसलेल्याला ना चेहरा दिसतो ना वाक्य कळते. म्हणून शब्दाला अर्धा गोलच लागतो, आणि उरलेल्या अर्ध्या बाजूला आवाज परतवणारी भिंत. शरीराचे तसे नाही. दोन मल्ल भिडले, घोडा दौडला, पलटण चालत गेली, तर ते कुठूनही पाहता येते. पाठ फिरवलेला मल्लही तितकाच पाहण्यासारखा असतो. पुरा गोल हा शरीराच्या खेळाचा आकार आहे. १९५० च्या त्या दुपारी आयर्विन ॲम्फीथिएटरमध्ये शब्द थोडे आणि चालणारी शरीरे फार होती. नाव आणि काम त्या दिवशी नेमके जुळले होते.

रोमनांच्या पक्क्या बांधणीच्या इमारतींना हे नाव सावकाश चिकटले. पॉम्पेईतील दगडी लंबगोल इसवी सनापूर्वी ७० च्या सुमाराचा, टिकून राहिलेल्यांत सर्वांत जुना. पण त्यावरच्या शिलालेखात ‘ॲम्फीथिएटर’ नाही, ‘स्पेक्टाकुला’ म्हणजे ‘पाहण्याच्या जागा’ एवढेच लिहिले आहे. इमारत आधी आली, नाव नंतर. पुढे व्हेस्पेशियन बादशहाने सुरू केलेले आणि त्याचा मुलगा टायटस याने इ. स. ८० मध्ये खुले केलेले रोमचे फ्लेव्हियन ॲम्फीथिएटर, म्हणजेच कलोसियम, हा या जातीचा शिरोमणी. लांबी १८८ मीटर, रुंदी १५६ मीटर, बसायला सुमारे पन्नास हजार. मधल्या जमिनीवर वाळू पसरलेली असे, सांडलेले रक्त शोषून घ्यायला. लॅटिनमध्ये वाळूला ‘अरेना’ म्हणतात. आज खेळाच्या किंवा राजकारणाच्या ‘अरेना’बद्दल बोलताना त्या वाळूची आठवण कोणाला होत नाही, पण मराठी माणसाला व्हायला हवी. आपणही ‘लाल माती’ म्हणतो आणि त्यातून सगळी कुस्ती समजून घेतो.

महाराष्ट्रात रोमन अर्थाचे अस्सल ॲम्फीथिएटर आहेच. ते कोल्हापूरला आहे. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज विलायतेला गेले, त्या दौऱ्यात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले. परतल्यावर १९०७ च्या सुमारास खासबागेत कुस्तीच्या मैदानाचे काम सुरू झाले आणि १९१२ साली ते खुले झाले. इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती त्या वेळची. मधे लाल मातीचा आखाडा, त्याभोवती गोल चढत गेलेला उतार, आणि तो असा बेतलेला की शेवटच्या माणसालाही पुढच्याच्या डोक्यावरून पकड दिसावी. तीसेक हजार माणसे त्यात मावतात. महाराजांनी रोमकडून संगमरवर, कमानी, खांब काही घेतले नाही. घेतली ती फक्त प्रेक्षकाच्या नजरेची रेषा. उसनवारीचा यापेक्षा सुज्ञ नमुना मला माहीत नाही. खासबागेला लागूनच त्यांनी १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर बांधले, तेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत ते जळाले तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले. शरीरासाठी पुरा गोल आणि शब्दासाठी समोरासमोरचे नाट्यगृह, एकाच राजाने, एकमेकांना खेटून उभारलेले. क्युरिओने फिरवून जे साधले ते शाहू महाराजांनी शेजारी शेजारी ठेवले.

भारतात चारी बाजूंनी बसायच्या पायऱ्या याआधी नव्हत्या असे नाही. आंध्रात कृष्णेकाठी इक्ष्वाकूंची राजधानी विजयपुरी होती. तिथे, म्हणजे नागार्जुनकोंड्याला, १९५४ ते १९६० या काळात पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले. त्यात चौकोनी मोकळ्या जागेभोवती चढत्या पायऱ्यांची एक रचना निघाली. धरणाच्या पाण्याखाली जाण्यापूर्वी ती उचलून अनुपू येथे पुन्हा मांडली आहे. इंग्रजी माहितीफलक तिला बेधडक ॲम्फीथिएटर म्हणतात, आणि चारी बाजूंनी पायऱ्या असल्यामुळे ते चालते.

आमच्या नाट्यशास्त्राने मात्र गोलाचा विचारच केला नाही. भरताने दुसऱ्या अध्यायात तीन आकार सांगितले: लांबट, चौरस आणि त्रिकोणी. प्रेक्षकांसाठी विटा-लाकडाच्या, जिन्यासारख्या चढत्या बैठका सांगितल्या, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून हातभर उंच. आणि माणसांनी नाट्यगृह ६४ हात लांब, ३२ हात रुंद एवढेच बांधावे असे निक्षून सांगितले. त्याहून मोठे केले तर बोललेले अस्पष्ट होते आणि चेहऱ्यावरचा भाव दिसत नाही, हे कारणही दिले. ६४ हात म्हणजे सुमारे २९ मीटर, त्यातला निम्मा भाग रंगमंचाचा. म्हणजे शेवटचा प्रेक्षक नटापासून साधारण पंधरा मीटरवर. या पंधरा मीटरला मी फार मानतो. पुढे दिल्लीच्या जागा मोजताना तेच माप हाताशी ठेवू.

ग्रीकांचे माप याहून बरेच मोठे. एपिडॉरसचे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातले थिएटर, ५५ ओळींचे, सुमारे चौदा हजार जणांचे. शेवटची ओळ रंगमंचापासून साठेक मीटरवर. तरी तिथे आवाज पोचतो ही ख्याती शतकानुशतके आहे. २००७ मध्ये जॉर्जिया टेकच्या दोन संशोधकांनी दाखवले की चुनखडीच्या पायऱ्यांच्या ओळी गाळणीचे काम करतात. जमावाची कुजबुज, वाऱ्याची घरघर असे खर्जातले आवाज दबतात आणि बोलण्याचे वरचे स्वर उरतात. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या मोजणीने या ख्यातीला थोडी कात्री लावली. टाचणी पडल्याचा आवाज शेवटच्या ओळीत येतो वगैरे अतिशयोक्ती आहे, पण मोठ्याने बोललेले वाक्य पोचते. मला ही दुरुस्ती आवडते. खणखणीत बोलणाऱ्या नटाची गरज तिच्यामुळे पुन्हा मान्य होते.

आता दिल्ली. स्वातंत्र्यानंतर ‘आयर्विन’ पुसताना त्यासोबत ‘ॲम्फीथिएटर’ही पुसले गेले, त्या जागी ‘स्टेडियम’ आले. ‘ॲम्फीथिएटर’ हा शब्द दिल्लीत पुन्हा आला तो दहाएक वर्षांनी आणि दुसऱ्या आकारात. १९५२ मध्ये भारतात आलेले अमेरिकन वास्तुकार जोसेफ ॲलन स्टाइन यांनी तानसेन मार्गावर त्रिवेणी कला संगमची इमारत बांधली, ती १९६३ साली खुली झाली. सुंदरी श्रीधराणी यांच्या या संस्थेत चित्रदालने, नृत्यवर्ग, चहाघर आहे आणि मधे गवताच्या पायऱ्यांचे छोटेसे खुले नाट्यगृह. इथला प्रेक्षक भरताच्या पंधरा मीटरच्या आसपास बसतो. नर्तकीच्या घुंगरांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत नुसत्या हवेतून येतो. याच स्टाइन यांनी पुढे लोधी रोडवर १९९३ मध्ये इंडिया हॅबिटॅट सेंटर उभारले. तिथल्या ॲम्फीथिएटरमुळे, माझ्या मते, हा शब्द दिल्लीच्या मध्यमवर्गाच्या रोजच्या बोलण्यात पक्का रुजला. वर्तमानपत्रातल्या ‘आज शहरात’ सदरात ‘ॲम्फीथिएटर, आयएचसी, सायंकाळी ७’ असे वाचायची सवय एका पिढीला लागली.

पण दिल्लीत अर्ध्या गोलाचे खरे मर्म कोणी उघडले असेल तर ते इब्राहिम अल्काझींनी. अल्काझी १९२५ साली पुण्यात जन्मले, तिथेच सेंट व्हिन्सेंट शाळेत शिकले. मुंबईत आपल्या घराच्या गच्चीवर त्यांनी ‘मेघदूत’ नावाचे उघडे नाट्यगृह केले होते. धर्मवीर भारतींचे ‘अंधा युग’ १९६२ मध्ये सत्यदेव दुबेंनी तिथेच रंगमंचावर आणले. त्याच वर्षी अल्काझी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होऊन दिल्लीला आले, १९७७ पर्यंत राहिले. रवींद्र भवनाच्या मागच्या आवारात, वडाखाली, त्यांनी दिल्लीचे ‘मेघदूत’ केले. गच्चीवरचे नाव जमिनीवर आले. रोहिणी हट्टंगडी, जयदेव हट्टंगडी यांच्यासारखी मराठी मुले-मुली याच शाळेत त्यांच्या हाताखाली शिकली.

१९६३ मध्ये अल्काझींनी ‘अंधा युग’ फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या भिंतींपुढे उभे केले. महाभारत युद्धाच्या अठराव्या दिवसाची संध्याकाळ, उद्ध्वस्त हस्तिनापूर, आणि मागे चौदाव्या शतकातल्या एका शहराचे खरोखरीचे भग्नावशेष. चीनबरोबरचे युद्ध होऊन वर्षही सरले नव्हते किंवा नुकते सरले होते. प्रयोगाला पंडित नेहरू आले होते. त्यानंतर १९७४ मध्ये पुराना किल्ला. तिथे पायऱ्यांची बैठक घालून ‘अंधा युग’, ‘सुलतान रझिया’ आणि गिरीश कर्नाडांचे ‘तुघलक’ झाले. तुघलकाची भूमिका मनोहर सिंह यांनी केली. दिल्लीची राजधानी देवगिरीला नेणारा हा सुलतान मराठी वाचकाला दौलताबादच्या तटापर्यंत ओळखीचा आहे. नाटकाचा उत्तरार्ध तिथेच घडतो. ते ऐकणारी दिल्लीकर माणसे दिल्लीच्याच एका किल्ल्याच्या भिंतींसमोर बसली होती.

पुऱ्या गोलाला मागची बाजू नसते. कलोसियममध्ये किंवा खासबागेत मल्लाच्या मागे दिसतो तो समोरचा प्रेक्षक. हजारो माणसे हजारो माणसांना पाहत असतात आणि आरोळी एका बाजूने उठून दुसऱ्या बाजूला जाते. अर्धा गोल मात्र एका बाजूला उघडा असतो, आणि त्या बाजूला काय आहे यावर सारे ठरते. अल्काझींनी ती बाजू इतिहासाच्या हवाली केली. कापडी पडद्यावर रंगवलेला किल्ला आणि शतकांचा पाऊस खाल्लेला किल्ला यांत नटालाही फरक पडतो. त्याला आपला आवाज त्या दगडाच्या तोलाचा करावा लागतो. भानु भारतींनी २०११ मध्ये ‘अंधा युग’ आणि २०१२ मध्ये ‘तुघलक’ पुन्हा फिरोजशाह कोटल्यात केले तेव्हा नव्या पिढीनेही हे अनुभवले.

याच दृष्टीने अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधील रेड रॉक्स पाहता येईल. १९४१ मध्ये खुले झालेले हे ॲम्फीथिएटर दोन प्रचंड तांबड्या खडकांच्या मधे बसवलेले आहे. निसर्गाने केलेल्या अशा खोलगट जागेलाही इंग्रजीत ॲम्फीथिएटरच म्हणतात आणि भूगोलाच्या पुस्तकांत हा अर्थ सर्रास येतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आठवा. आत वळलेला तो महाकाय अर्धगोल पाहिलेल्याला या अर्थाची वेगळी व्याख्या नको. गंमत अशी की तिथे प्रेक्षकाची जागा कड्याच्या काठावर आणि रंगमंचावर सारे कोकण.

दिल्लीजवळ या अर्थाच्या सीमेवर बसलेली एक जुनी जागा आहे. फरिदाबादचे सूरजकुंड. दहाव्या शतकात तोमर राजा सूरजपाल याने अरवलीच्या खडकात हे कुंड बांधले असे मानतात. उगवत्या सूर्याच्या आकारात उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, काठावर सूर्यमंदिराचे अवशेष. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने चुन्याने पायऱ्यांची डागडुजी केली. आज बहुतेकांना सूरजकुंड ठाऊक आहे ते १९८७ पासून दर फेब्रुवारीत भरणाऱ्या हस्तकला मेळ्यामुळे. प्रवासमार्गदर्शक पुस्तके कुंडाला ॲम्फीथिएटरच्या घाटाचे म्हणतात. आकार बरोबर आहे, पण पायऱ्या रंगमंचाकडे उतरत नाहीत, पाण्याकडे उतरतात. आपल्याकडे पायरीवर बसण्याची सारी संस्कृती पाण्याशेजारी वाढली. वाईच्या घाटांवर कृष्णाबाईच्या उत्सवात कीर्तन ऐकायला लोक बसतात, तेव्हा घाट आपोआप प्रेक्षागृह होतो. कोणा वास्तुकाराने तो तसा आखला नव्हता. म्हणून सूरजकुंडाला ॲम्फीथिएटर म्हणणे मला खटकत नाही, फक्त त्याने कुंडाची पाण्याची ओळख झाकली जाऊ नये.

खटकते ते दुसरीकडे. नोएडा, गुरुग्राम, ग्रेटर नोएडा इथल्या कुठल्याही नव्या गृहसंकुलाचे माहितीपत्रक उघडा. जॉगिंग ट्रॅक, क्लब हाऊस, पोहण्याचा तलाव यांच्या रांगेत ‘ॲम्फीथिएटर’ असतेच. प्रत्यक्षात पुष्कळदा त्या चारपाच ग्रॅनाइटच्या पायऱ्या असतात, उन्हात तापणाऱ्या, समोर मोटारींचा रस्ता, मागे भिंत नाही, सावलीला झाड नाही. रोमन अर्थाने ते ॲम्फीथिएटर नाही याचे मला दुःख नाही. शब्द पुऱ्या गोलावरून अर्ध्यावर आला, हे त्याचे आयुष्य आहे आणि नवे शब्दकोशही ते मान्य करतात. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये तर अगदी वरच्या सज्ज्यालाच ॲम्फीथिएटर म्हणतात. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया दाखवण्याच्या उतरत्या वर्गखोल्यांनाही हे नाव होते. अर्थ सरकत गेला तरी एक गोष्ट या सगळ्यांत टिकली होती: वर बसलेल्याला खालचे नीट दिसते. त्या चार पायऱ्यांवर बसून नीट दिसत नसेल आणि ऐकू येत नसेल, तर शब्द वापरायला काही उरले नाही.

आकाराच्या हव्यासानेही हेच होते. टागोरांच्या जन्मशताब्दीच्या प्रेरणेतून वास्तुकार हबीब रहमान यांनी दिल्लीच्या रिज टेकड्यांवरच्या जंगलात रवींद्र रंगशाला आखली, आठ हजार प्रेक्षकांची. रवींद्र भवनही रहमान यांचेच. पण आठ हजारांसमोर नाटकाचा शब्द ध्वनिक्षेपकावाचून पोचणे शक्य नाही. लोकनृत्ये, समूहगान यांच्यासाठी ती ठीक होती. पुढे अनेक वर्षे ती ओस पडून राहिली, पायऱ्यांत झाडे उगवली. दुसऱ्या टोकाला, जुलै २०२३ मध्ये प्रगती मैदानावर खुले झालेले भारत मंडपम. तिथले ॲम्फीथिएटर तीन हजारांचे. विजेच्या आवाजाची सोय गृहीत धरूनच ते बांधले आहे.

विजेचा आवाज आला की कायदाही येतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक चालवता येत नाही. बंद सभागृहाला सूट आहे, उघड्या जागेला एरवी नाही. मुंबईत धोबी तलावचे रंगभवन शांतता क्षेत्रात येऊन सुनेसुने झाले, त्यामागे अशीच कारणे होती. दिल्लीत त्यात हवामानाची भर. मे महिन्यात सूर्य मावळल्यावरही दगडी पायरी तासन्तास धग सोडते. नोव्हेंबरात धूर, जानेवारीत धुके. खुल्या नाट्यगृहाचा खरा हंगाम फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबर असा दोनतीन महिन्यांचा. त्रिवेणीतले गवत आणि रवींद्र भवनातला वड हे या हवामानाला दिलेले शहाणे उत्तर आहे. नवे बांधणाऱ्यांनी तिकडे जाऊन ते हात लावून पाहावे.

गुरुग्रामच्या अरवली जैवविविधता उद्यानात मला आशा दिसते. खाणींनी पोखरलेली ही जमीन २०१० पासून नागरिकांनी आणि महापालिकेने मिळून पुन्हा हिरवी करायला घेतली. परदेशी झाडे टाळून अरवलीचीच धाव, सालई यांसारखी झाडे लावली. त्या दगडी मुलखातच तिथले ॲम्फीथिएटर आहे. इथे भूगोलाचा अर्थ आणि नाट्यगृहाचा अर्थ एकाच जागी आले. शहराचा गोंगाट टेकाडामागे राहतो आणि मागच्या बाजूला जे हवे ते, म्हणजे खडक आणि झाड, आहेच.

तुमच्या गावात, संकुलात किंवा महाविद्यालयात असे काही बांधायचे घाटत असेल, तर नकाशा पाहून होकार देऊ नका. त्या जागेवर संध्याकाळी सात वाजता दोघांनी जावे. एकाने जिथे रंगमंच येणार तिथे उभे राहून, ओरडल्याशिवाय, वर्गात बोलतात तेवढ्या आवाजात वर्तमानपत्रातला एक परिच्छेद वाचावा. दुसऱ्याने पंधरा मीटर मागे जाऊन बसावे, मग वीस, मग तीस. शब्द कळायचे थांबतील तिथे शेवटची पायरी आखावी. आणि वाचणाऱ्याच्या मागे त्या वेळी काय दिसते तेही लिहून ठेवावे: भिंत, झाड, डोंगर, की मोटारींचे दिवे.